पाय बुटात, भूक मैदानात: दुखापतीत वजनाचं काय करता?

कासवगती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय आणि तोही रडगाणं गायला. सांभाळून घ्या.

वय ४३, उंची १७२ सेंमी, गेली नऊ वर्षं धावतो. मॅरेथॉनची तयारी चालू होती, आठवड्याला ७५ किमीच्या आसपास. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला बोटाने दाबलं की नेमकं एकाच ठिकाणी दुखायचं. 'शिन स्प्लिंट' (धावण्याने होणारी नडगीची साधी दुखणी) असेल म्हणून महिनाभर बर्फ लावत धावत राहिलो (हो, माहितीये, बोला काय बोलायचं ते). शेवटी एमआरआय झाला आणि निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर. चार आठवडे बूट (प्लास्टरऐवजी घालतात तो, पाय जखडून ठेवणारा), त्यातले पहिले दहा दिवस कुबड्या, आणि धावणं किमान आठ आठवडे बंद.

आज सतरावा दिवस. दुखापतीआधी वजन ६२ च्या आसपास असायचं. आज सकाळी ६४.१. म्हणजे अडीच आठवड्यांत दोन किलो! या हिशोबाने आठ आठवड्यांत सहा-सात किलो चढणार. घाबरून गेले चार दिवस १५०० कॅलरीवर आलोय, एका ॲपने दिलेला आकडा आहे. रात्री तीनला भुकेने जाग येते, दिवसभर अंगात थंडी भरल्यासारखं वाटतं, आणि घरच्यांवर खेकसतोय ते वेगळंच.

गंमत म्हणजे गजर बंद केलाय तरी पावणेपाचला डोळे टक्क उघडतात. उठतो, बूट खडखडवत स्वयंपाकघरात जातो आणि धावायला निघण्याआधी खायचो ते केळं सोलतो. अर्धं पोटात गेल्यावर लक्षात येतं की आज कुठे जायचंच नाहीये. मग साडेसातला, परत यायच्या वेळेला, पोटात कावळे ओरडतात ते ओरडतातच. वर मनगटावरचं घड्याळ दर सोमवारी सांगतं की तुमची तयारी घसरते आहे. अरे बाबा, मला माहीत आहे.

तर प्रश्न असे: ही खरंच चरबी आहे का? किती खायचं? आणि वजन आत्ताच आवरलं नाही तर परत धावायला लागल्यावर त्याच नडगीवर जास्त भार येईल ना?

---

आळशी_ससा

मी गेली दहा वर्षं रिकव्हरीतच आहे. वजन वाढतं, हे अनुभवाने सांगतो.

(गंमत करतोय हो. लवकर बरे व्हा.)

---

भिंगरी

एक बाळबोध शंका. एका पायात बूट असताना तुम्ही वजन करता कसं? बूट घालून करताय का? माझा बूट सव्वा किलोचा होता.

---

कासवगती

@भिंगरी, नाही नाही, बूट काढूनच करतो. डाव्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही म्हणून उजव्यावर उभा राहतो आणि तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात टेकवतो.

---

भिंगरी

मग ते वजन तुमचं आणि भिंतीचं भागीदारीतलं आहे. हात दाबून बघा एकदा, आकडा कसा नाचतो.

---

कासवगती

आत्ता जाऊन बघितलं. ६३.२, ६३.९, ६४.४. तीन मिनिटांत तीन माणसं. 🤦

---

हाडवैद्य_नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाडांचा डॉक्टर नाही, म्हणून हा आयडी. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते पाळाच, मी फक्त हिशोब मांडते.

आधी चरबीचा प्रश्न. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी, बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो). ६२ किलोचा माणूस आठवड्याला ७५ किमी धावला तर ४६५० कॅलरी, दिवसाला साधारण ६६०. तुम्ही पहिले तेरा दिवस पूर्वीइतकंच खाल्लं आणि बाकी काहीही खर्च झाला नाही असं धरलं, तरी शिल्लक राहते ८५८०. एक किलो चरबीला ७७०० च्या आसपास लागतात. म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत एक किलोला थोडी जास्त. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण कुबड्यांवर तेवढंच अंतर जायला नेहमीच्या चालण्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते, आणि मोडलेलं हाड सांधायचा खर्च शरीर काही फुकटात करत नाही.

मग बाकीचं काय? पाणी. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भरल्या घरात पाचशे ग्रॅमच्या आसपास असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी मुक्कामाला असतं. तुम्ही रोज धावत होतात तेव्हा ही कोठी कायम अर्धीमुर्धी रिकामी असायची. आज भरली की उद्या पहाटे उपसली. आता उपसणारा घरी बसलाय, त्यामुळे ती काठोकाठ भरलीये. अडीचशे ग्रॅम साखर जास्त आणि तिच्याबरोबर पाऊण लिटर पाणी, झाला एक किलो. ही वाढ पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होते आणि थांबते. त्यामुळे 'अडीच आठवड्यांत दोन म्हणजे आठ आठवड्यांत सहा' हे त्रैराशिक इथे लागू होत नाही.

आता त्या १५०० बद्दल, आणि इथे मी जरा रागावणार आहे. तुमची उंची, वय, वजन घालून विश्रांतीतला खर्च काढला तर तो १४८५ येतो. म्हणजे दिवसभर हातपाय न हलवता पडून राहिलात तरी एवढं लागतं. घरात वावरणं, ऑफिसचं काम, बुटातली लंगडी चाल आणि हाडाची डागडुजी धरून तुमची गरज २१००-२२०० च्या घरात असावी. ॲपला तुम्ही 'वजन कमी करायचंय' असं सांगितलंत, त्याने गुमान आकडा दिला. हाड मोडलंय हे त्याला कुठे माहीत?

भुकेने जाग येणं, थंडी वाजणं, चिडचिड ही तिन्ही लक्षणं तुम्ही स्वतःच लिहिली आहेत. वाचा परत एकदा.

---

कासवगती

@हाडवैद्य_नाही, वाचलं परत. जरा ओशाळलो. पण मनात एक किडा वळवळतोच आहे: मी व्यायामच करत नाहीये, मग कमी खाल्लं तर बिघडलं कुठे? ऊर्जेची तूट वगैरे तर रोज वीस किमी धावणाऱ्यांना होते ना?

---

हाडवैद्य_नाही

हा गैरसमज इतका सर्रास आहे की मी क्लिनिकच्या दारावर पाटी लावणार आहे.

शरीर विचारतं की व्यायामाचा खर्च वजा जाऊन बाकी कामांना किती उरलं. ते मोजायची एक पद्धत आहे. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किती कॅलरी शिल्लक, ते बघायचं. ४५ च्या आसपास सगळं सुरळीत, ३० च्या खाली गेलं की धोका. काळ्या दगडावरची रेघ नाही ही, माणसागणिक कमी-जास्त होते, पण अंदाज येतो. तुमचं चरबीविना वजन ५३ किलो धरू. १५०० भागिले ५३, उत्तर २८. पलंगावर बसल्या बसल्या तुम्ही धोक्याच्या रेघेखाली गेलात, तेही एक पाऊल न धावता.

या रेघेखाली शरीर काटकसर सुरू करतं. संप्रेरकं खाली येतात, आणि हाड बांधायचं काम पहिल्या काही कामांत थांबतं. तरुण मुलींवर झालेल्या प्रयोगांत अवघ्या पाच दिवसांच्या अशा तुटीने रक्तातले हाड बनण्याचे निदर्शक घसरलेले दिसले. पाच दिवस! तुम्ही चौथ्या दिवशी विचारलंत हे बरं केलंत.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. त्याआधी हा फक्त बायकांचा आजार समजला जायचा. पुरुषांनाही होतो. पुरुषांत पाळी चुकण्यासारखी ठळक खूण नसते म्हणून लक्षात उशिरा येतं, एवढंच. सकाळचा उत्साह, शरीरसंबंधातली इच्छा, झोप यांवर लक्ष ठेवा.

आणि हे फ्रॅक्चर आधी झालंच का, हेही डॉक्टरांना विचारा. किलोमीटर पटकन वाढवले होते का? खाणं आधीपासूनच तोकडं होतं का? ड जीवनसत्त्व तपासलंय का?

---

कासवगती

किलोमीटर: सहा आठवड्यांत ५० वरून ७५. ड जीवनसत्त्व: तपासलं नाही, उद्या विचारतो. खाणं: 'रेस वेट'ला (शर्यतीसाठी ठरवलेल्या हलक्या वजनाला) यायचं म्हणून रात्रीचं जेवण दोन महिने अर्धं केलं होतं. हे आत्ता लिहिताना मलाच कसंतरी झालं.

---

एकटी_धावते

खूप दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी.

मी अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांबच्या शर्यती) धावते. तीन वर्षांपूर्वी उजव्या पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. मी मनाशी म्हटलं, सहा आठवडे धावणार नाही तर सहा आठवडे जेवायचं कशाला? तेव्हा हे अगदी तर्कशुद्ध वाटलं होतं. सकाळी कॉफी, दुपारी भाज्यांचं काहीतरी, रात्री सूप. वजन एक ग्रॅमही वाढलं नाही. उलट सातशे ग्रॅम कमी झालं, आणि माझ्या प्रशिक्षकांनी शाबासकी दिली. 'शिस्त याला म्हणतात,' असं ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं.

सहाव्या आठवड्यातला एक्स-रे. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावला आणि काही बोललेच नाहीत. मग मला म्हणाले, तुम्हीच बघा. हाड भरून येताना फटीभोवती ढगासारखी एक पांढरट गाठ दिसायला लागते, कॅलस म्हणतात तिला. माझ्या दोन्ही चित्रांत फरक शोधायला भिंग लागलं असतं. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, पाळी शेवटची कधी आली?

पाच महिने झाले होते. दुखापतीच्या आधीपासून. आणि मला ते चांगलं वाटत होतं! जोरदार ट्रेनिंग चालू आहे याची पावती म्हणून.

सहाचे चौदा आठवडे झाले. हाडांची घनता तपासली तेव्हा कमरेच्या मणक्यांचा आकडा माझ्या वयाला न शोभणारा आला. पुढच्या वर्षी, बरी झाले म्हणेपर्यंत, दुसऱ्या पावलाला तेच.

अमेरिकेची धावपटू मेरी केन २०१९ मध्ये जाहीरपणे बोलली, वजन उतरवण्याच्या दबावाबद्दल, तीन वर्षं पाळी न येण्याबद्दल, मोडलेल्या पाच हाडांबद्दल. तिचं बोलणं ऐकून मी तासभर रडले होते, कारण तोवर मला वाटायचं की कमकुवत मीच आहे.

कासवदादा, तुम्ही चार दिवसांत विचारलंत. मी सहा आठवडे कुणालाच विचारलं नाही. आज जेवा नीट. दुसरं काही सांगायचं नाहीये.

---

भिंगरी

@एकटी_धावते 🫂

---

कासवगती

ताई, काय लिहू कळत नाहीये. ॲप काढून टाकलं. आत्ता जेवून आलो, पोटभर.

---

पानोपानी

उत्तम चर्चा. थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे. कासवगतींनी लिहिलंय की धावणं थांबलं तरी भूक थांबत नाही. यावर एक जुना आणि झकास अभ्यास आहे. १९५६ मध्ये झाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका तागाच्या गिरणीतल्या माणसांचं खाणं, वजन आणि कष्ट यांची तुलना केली. अंगमेहनत जास्त तसं खाणं जास्त, हे अपेक्षितच होतं. पण गंमत दुसऱ्या टोकाला होती. दिवसभर बैठं काम करणारे लोक हलकं अंगकाम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनालाही भारी होते. म्हणजे एका मर्यादेच्या वर हालचाल असेल तर भूक तिच्या मागे मागे चालते, पण माणूस पुरता बसला की भुकेचा लगाम सैल होतो.

म्हणून 'भूक लागली तेवढंच खा, शरीराला कळतं' हा सल्ला अगदी बसून असलेल्या खेळाडूला पूर्ण लागू होईलच असं नाही. आणि मुद्दाम उपाशी राहा असाही याचा अर्थ नाही, वर ताईंनी लिहिलंच आहे. मधलं काहीतरी.

---

तिहेरी_वेड

मधलं काहीतरी म्हणजे काय, ते मी सांगतो, कारण मी दुसऱ्या टोकाला जाऊन आलोय.

सायकलवरून पडून गळ्याजवळचं हाड आणि मनगट मोडलं. ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत) तीन वर्षांची मेहनत एका खड्ड्यात. पहिले दोन महिने मी नुसता खात होतो. भूक होती म्हणून नाही, संध्याकाळ खायला उठायची म्हणून. चार महिन्यांत सात किलो वाढलं.

पण त्यातलं निम्मं कुठून आलं ते नंतर कळलं, आणि ते वाचून तुम्ही हसाल. माझ्या टेबलाच्या खणात एनर्जी जेल असायची. चार तासांच्या सायकलिंगसाठी आणलेली, प्रत्येकी शंभर कॅलरीची. ऑफिसमध्ये दुपारी झोप आली की मी एक फोडून चोखायचो. ई-मेलला उत्तरं देण्यासाठी मॅरेथॉनचं इंधन! सायकलच्या बाटलीत सवयीने स्पोर्ट्स ड्रिंक भरून तेच दिवसभर पीत बसायचो. राइडनंतरचा शेक तर राइड नसतानाही चालूच.

तेव्हा माझं मत: जेवण कापू नका, इंधन कापा. व्यायामासाठी, व्यायामाच्या आधी-मध्ये-नंतर म्हणून जे जे पोटात जात होतं ते थांबवलं की तुमच्या त्या ६६० मधले बरेचसे आपोआप जातात. पावणेपाचचं केळं हे तसलंच आहे. केळ्याशी वैर नाही, ते नाश्त्याला खा.

आणि सात किलोंचं पुढे काय झालं, तर परत व्यायाम सुरू झाल्यावर पाच-सहा महिन्यांत हळूहळू गेले. मुद्दाम काही केलं नाही. हाड मात्र वेळेत जुळलं. @एकटी_धावते यांची गोष्ट वाचून वाटतं की चूकच करायची तर माझी बरी.

---

लोखंडी_चणे

सगळे वजनाबद्दल बोलताहेत, स्नायूंबद्दल कुणी बोलेना म्हणून मी.

कासवराव, शिंप्याची टेप घ्या आणि दोन्ही पोटऱ्या जाड भागाशी मोजा. मग बोलू.

---

कासवगती

उजवी ३६.५, डावी ३५. अहो हे काय!! अडीच आठवड्यांत??

---

लोखंडी_चणे

घाबरू नका, अपेक्षितच आहे. न वापरलेला स्नायू पहिल्या आठवड्यापासून आटायला लागतो. पाय पूर्ण जखडला तर मांडीचा स्नायू सुरुवातीला दिवसाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतो. म्हणजे तुमचा काटा दुहेरी खोटं बोलतोय. पाणी वाढलं ते 'चरबी' म्हणून दाखवतो, आणि स्नायू गेला ते दाखवतच नाही. याच्यावर उपाशी राहिलात तर शरीर आधी कशाला हात घालेल? बसून असलेल्या स्नायूलाच.

करायचं काय:

प्रथिनं वाढवा. दर किलो वजनामागे १.६ ते २ ग्रॅम, तुम्हाला १०० ते १२५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) पण हे सगळं रात्रीच्या एका जेवणात कोंबू नका. निजलेला स्नायू प्रथिनांना जरा बहिरा होतो, त्याला दिवसातून चार वेळा हाका माराव्या लागतात, प्रत्येक वेळी २५-३० ग्रॅम. अंदाजासाठी, एका अंड्यात सहा-सात ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ. बहुतेकांचा नाश्ताच यात मार खातो.

आणि उजवा पाय मोकळा आहे ना? मग त्याला काम द्या. एका पायाने जोर लावायचे व्यायाम. चांगल्या पायाची ताकद वाढवली की बांधलेल्या पायाची ताकदही थोडी टिकते. ऐकायला बुवाबाजी वाटते, पण हे मज्जासंस्थेमुळे होतं आणि पुष्कळदा तपासलं गेलंय. वरचं अंग तर पूर्ण मोकळं आहे. आठवड्यातून तीन दिवस, फिजिओंना विचारून.

---

जुनाजाणता

जोन बेनॉइट आठवते का कुणाला? २५ एप्रिल १९८४ ला गुडघ्याची शस्त्रक्रिया. सतराव्या दिवशी, १२ मे ला, अमेरिकेच्या ऑलिंपिक निवडचाचणीत मॅरेथॉन धावली आणि जिंकली. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला बायकांची पहिलीच ऑलिंपिक मॅरेथॉन, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंद, सुवर्णपदक. आणि इथे सतराव्या दिवशी आपण पोटऱ्या मोजतोय. इच्छाशक्ती हवी!

---

हाडवैद्य_नाही

@जुनाजाणता, काका, तिची गोष्ट मलाही फार आवडते, पण ती गुडघ्याची दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया होती. मोडलेलं हाड नव्हतं. हाडाला इच्छाशक्ती कळत नाही, त्याला आठवडे कळतात. उद्या कुणीतरी हे वाचून बूट काढून पळत सुटेल आणि माझ्याकडे येईल.

---

जुनाजाणता

बरं बरं. शब्द मागे. पण धावली झकास होती!

---

हाडवैद्य_नाही

त्यात वादच नाही.

कासवगतींचा तिसरा प्रश्न राहिला होता, परत धावताना नडगीवर भार. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो, त्यामुळे किलोभर वजनाचा परिणाम शून्य नाही, हे मान्य. पण अर्धवट भरलेल्या हाडावर ६२ किलो घेऊन धावण्यापेक्षा पूर्ण भरलेल्या हाडावर ६४ किलो घेऊन धावणं केव्हाही बरं. शिवाय सुरुवातीला तुम्ही एक मिनिट धावाल आणि दोन मिनिटं चालाल, ७५ किमी नाही. तोवर वजन आपल्या जागेवर यायला भरपूर वेळ असतो.

पाण्यात धावायची परवानगी मिळाली तर कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात, पाय तळाला न टेकता धावा. नाडीचे ठोके जमिनीवरच्यापेक्षा दहाएक कमी दिसतील, म्हणून घड्याळाचं ऐकू नका, दम किती लागतोय त्यावर चला. एक सूचना मात्र आहे, थंड पाण्यातून बाहेर आलं की भूक खवळते. खायचं काहीतरी बरोबर घेऊन जा, नाहीतर घरी येऊन समोर दिसेल ते संपवाल.

---

कासवगती

अपडेट, दिवस ३१.

बूट सुटला. ड जीवनसत्त्व कमी निघालं, औषध चालू आहे. डॉक्टरांनी पोहण्याच्या तलावात धावायला परवानगी दिली. पट्टा बांधून पहिल्यांदा उतरलो तेव्हा शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्या आजींनी विचारलं, बुडताय का?

खाण्याचं म्हणाल तर मोजणं बंद आहे. चार वेळा जेवतो, चारही वेळा अंडी, दूध, दही, डाळ असं काहीतरी असतं. जेल, ड्रिंक सगळं एका डब्यात भरून वरच्या फळीवर टाकलं. पहाटे जाग अजून येते, पण आता पाणी पिऊन उजव्या पायाचे व्यायाम करतो, मग भूक नाश्त्यापर्यंत थांबते. तीनला उठणं पाचव्या-सहाव्या दिवशीच थांबलं. थंडी वाजणं पण.

वजन आता आठवड्यातून एकदाच, दोन पायांवर उभं राहून, भिंतीला न शिवता. ६३.७.

खरं सांगू का, ६३.७ बघून अजूनही पोटात गोळा येतो. नऊ वर्षं ६२ हा आकडा म्हणजे मी असं समजत होतो. बायको म्हणाली की तुझ्या गालांवर पहिल्यांदा माणसाचा रंग दिसतोय, तर मी दिवसभर आरशात गालच बघत होतो, सुटलेत की काय म्हणून.

---

एकटी_धावते

तो गोळा बरेच दिवस येतो. मला अजून कधीकधी येतो. आला की मी कुणाला तरी सांगते, एवढंच. फारच यायला लागला तर खेळाडूंबरोबर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. मी गेले होते.

गालांचं बायकोला विचारा, आरशाला नको.

---

लोखंडी_चणे

पोटरी?

---

कासवगती

डावी ३४.८. आटणं जवळजवळ थांबलंय. उजवी ३६.८! दोन्हींतली तफावत वाढली ती उजवीने मेहनत केली म्हणून 😀

---

कासवगती

अपडेट, दिवस ६३.

एका पायावर दहा उड्या, न दुखता. डॉक्टरांनी एमआरआय बघून हिरवा कंदील दाखवला. आज सकाळी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. आठ मिनिटं धावलो हो मी! दम बघाल तर पहिल्या वर्षी लागायचा तसा. नडगी गप्प. वजन ६३.४, मोजायला विसरलो होतो, हे लिहायच्या आधी जाऊन उभा राहिलो.

एक घोळ मात्र झाला. शेवटच्या मिनिटानंतर इतका खूश होतो की घड्याळ थांबवायचंच राहिलं. घरी आलो, आंघोळ केली, पोटभर नाश्ता केला, ऑफिसची पहिली मीटिंग उरकली, आणि मग मनगट थरथरलं. त्याच्या मते मी तीन तास चाळीस मिनिटं धावत होतो.

---

तिहेरी_वेड

आता सोमवारी काय म्हणतंय ते इथे टाका.